बोगदा खोदणं सोपं असतं

सप्टेंबर २०२५मध्ये ऑस्ट्रिया आणि इटली आल्प्सच्या पोटात एकमेकांना भेटले. ब्रेनर रेल्वे बोगद्याचा शोधबोगदा, म्हणजे खडकाचा अंदाज घ्यायला मुख्य बोगद्यांच्या खालून खोदलेला छोटा बोगदा, सीमेवर आरपार झाला. गाड्या धावायला २०३२ उजाडेल. तरी दोन्ही सरकारांचे प्रमुख हजर होते, आणि 'इंजिनिअरिंगचा चमत्कार' माझ्या फीडवर चार दिवस फिरत होता.

चमत्कार आहेच, त्याबद्दल वाद नाही. बोगदा ५५ किलोमीटरचा. इन्सब्रुकला वळसा घालणारा आधीचा बोगदा धरला तर ६४. सध्याची लाइन १८६७ सालची. ती १,३७१ मीटर उंचीच्या खिंडीवरून जाते, हजार मीटरला सुमारे २५ मीटर चढत. आपल्या कसारा घाटात गाडीला मागून बँकर लावतात, तशी तिथेही जड मालगाडीला जादा इंजिनं लागतात. नव्या बोगद्यात हाच चढ हजाराला सातच्या आत येईल.

माझं भांडण आहे ते 'बोगदा झाला की ट्रक आपोआप रुळावर येतील' या समजुतीशी. ते येणार नाहीत.

ब्रेनरच्या रस्त्यावरून वर्षाला वीस लाखांहून जास्त ट्रक जातात. का? कारण ते परवडतं. ट्रकवाल्याचा हिशेबनीस चढ बघत नाही, बिल बघतो. हे स्वित्झर्लंडने वेळेवर ओळखलं. १९९२ साली तिथल्या मतदारांनी नव्या आल्प्स बोगद्यांना कौल दिला. १९९४ साली आल्प्स ओलांडणारा माल रेल्वेवर न्यायचा, हे थेट राज्यघटनेत घातलं. २००१पासून प्रत्येक जड ट्रकवर वजन, अंतर आणि प्रदूषणानुसार कर बसवला. गोटहार्डचा ५७ किलोमीटरचा बोगदा सुरू झाला २०१६मध्ये, म्हणजे कर आधी आणि बोगदा नंतर. २००० साली तिथे सुमारे १४ लाख ट्रक आल्प्स ओलांडत, आता ९ लाखांच्या आसपास. कायद्यातलं उद्दिष्ट साडेसहा लाखांचं आहे, ते त्यांनाही गाठता आलेलं नाही. एवढं सगळं करूनही जमलं नाही, तर नुसत्या बोगद्याने काय होणार?

आणि बोगद्यापर्यंत पोचायचं कसं? आमच्या धंद्यात सर्व्हर कितीही दणकट असला आणि त्याला जोडणारी लाइन मरतुकडी असली, तर युजरला अ‍ॅप बंदच दिसतं. राइन खोऱ्यातली लाइन रुंद करायचं जर्मनीने १९९६च्या करारात स्वित्झर्लंडला कबूल केलं होतं. गोटहार्ड सुरू होऊन गेला, ते काम अजून अपुरं आहे. ऑगस्ट २०१७मध्ये राष्टाटजवळ नवा बोगदा खणताना वरचे रूळ खचले आणि ही लाइन सात आठवडे बंद पडली. डोंगराखालचा जगातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा तयार, आणि माल अडला सपाट जमिनीवर!

ब्रेनरच्या उत्तरेला तेच चाललंय. बव्हेरियात रोझेनहाइमजवळून जाणाऱ्या नव्या मार्गाचा वाद वर्षानुवर्षं सुरू आहे. आपल्या शेतातून रूळ नकोत असं म्हणणाऱ्या गावकऱ्याला मी दोष देणार नाही. दोष देईन तो त्याला धड 'हो' किंवा 'नाही' न सांगणाऱ्या सरकारांना. इटलीचंही तसंच. टायरॉलने ट्रकवर रात्रीची बंदी घातली, म्हणून २०२४मध्ये इटलीने ऑस्ट्रियाला युरोपीय न्यायालयात खेचलं. एका हाताने बोगदा खोदायचा आणि दुसऱ्या हाताने ट्रकचा रस्ता मोकळा ठेवायचा, याला धोरण म्हणत नाहीत.

ट्रकवर कर बसवला की वस्तू महागतील, हा ठरलेला आक्षेप. महागतील, थोड्या. पण किंमत आजही कोणीतरी मोजतंच आहे. अरुंद दरीत धूर आणि आवाज कोंडून राहतो, तो तिथे राहणाऱ्यांच्या छातीत आणि झोपेत जातो. मिलानहून म्युनिकला स्वस्तात आलेल्या टोमॅटोच्या बिलात तो दिसत नाही, इतकंच.

म्हणून २०३२ची वाट बघू नका. ब्रेनरवर स्विससारखा कर आज लावा, बव्हेरियाचा मार्ग आज ठरवा. खडक फोडायला यंत्रं मिळतात. मतदाराला नकोसं वाटेल ते सांगायला यंत्र नाही, ते माणसालाच करावं लागतं. ते होईपर्यंत फीत कापायची घाई नको.