बीच टच रूमचा नाद सोडा

दर नोव्हेंबरात माझ्या व्हॉट्सॲपवर तोच मेसेज येतो. माणसं वेगळी, मजकूर एकच. 'भावा, गोव्याला निघालोय, वाटेत तुमच्या मालवणात एक रात्र थांबायचंय. बीच टच रूम सांग ना.' मी मूळचा वेंगुर्ल्याचा, नोकरी पुण्यात. त्यामुळे ऑफिसात कोकणाचं चौकशी खातं माझ्याकडेच. चार वर्षं मी सगळ्यांना एकच उत्तर चिकटवलं: तारकर्ली. यंदा उत्तर बदललंय. मित्र चिडलेत, म्हणून कारण एकदाच लिहून टाकतो.

सिंधुदुर्गाला साधारण 121 किलोमीटरचा किनारा आहे. उत्तरेला विजयदुर्ग, दक्षिणेला रेडी. मध्ये कुणकेश्वर, आचरा, मालवण, निवती, भोगवे, वेंगुर्ला, शिरोडा. 1997 साली अख्खा जिल्हा 'पर्यटन जिल्हा' म्हणून जाहीर झाला. पण एका रात्रीच्या पाहुण्यासाठी हा जिल्हा तारकर्ली-देवबाग एवढ्या पट्टीत मावतो. देवबाग नकाशावर नीट बघा. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये वाळूची चिंचोळी जीभ. दर पावसाळ्यात समुद्र तिचे लचके तोडतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्याचा सगळा भार आपण नेमका हिच्यावर टाकतो. तिथलं पाणी, सांडपाणी, कचरा, पार्किंग हे सगळं ग्रामपंचायतीने सांभाळायचं.

ही पट्टी आपण निवडत नाही, ती आपल्याला दाखवली जाते. पहिल्या नोकरीत मी हॉटेल बुकिंगच्या एका ॲपवर काम करायचो. यादीचा क्रम ठरवणारा कोड आमच्या टीमकडे होता. ज्या जागेला बुकिंग जास्त ती वर, वर म्हणून जास्त लोकांना दिसणार, दिसते म्हणून पुन्हा बुकिंग. आम्ही त्याला 'पॉप्युलर' म्हणायचो. काल जिथे गर्दी होती तिथेच आज गर्दी पाठवायची, एवढं काम तो कोड चोख करायचा. गाव कसं आहे, संध्याकाळी तिथे काय चालतं, हे त्यात कुठेच मोजलेलं नव्हतं.

माझ्या मावशीच्या घरी वेंगुर्ल्यात पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत. स्वच्छ, मागे माड, सकाळी घावणे-चटणी. मी गावी गेलो की ती विचारते, "अरे, आमची खोली तुझ्या फोनात दिसणा नाय ती कित्याक?" तिला काय सांगू? की मावशी, तुझ्याकडे रिव्ह्यू कमी आहेत म्हणून तू खाली, आणि तू खाली आहेस म्हणून रिव्ह्यू कमी आहेत? आणि ते गणित मीच कधीतरी टेस्ट करून पास केलंय?

आता मुद्द्यावर येतो. किल्ला, स्कूबा, डॉल्फिन ही सगळी दिवसाची कामं. ती कुठेही राहून करता येतात. मालवण शहरातून तारकर्ली अवघी सहा-सात किलोमीटर. मुक्काम निवडायचा तो रात्रीसाठी आणि पहाटेसाठी. जे फक्त तेव्हाच घडतं, ते मुक्कामाला असलेल्यालाच मिळतं.

बीच टच रूममध्ये रात्री काय होतं? आठ वाजता ऑर्डर दिलेली थाळी येते. नऊनंतर समुद्र काळा, आवाजापुरता उरलेला. मग एसी आणि रील्स. हे हिंजवडीतही होतं.

याउलट त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास आमच्या गावोगावच्या जत्रा सुरू होतात. पालखी फिरून झाली की मध्यरात्रीच्या सुमारास देवळासमोर दशावतार उभा राहतो. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर अशा नावांची जुनी मंडळं आहेत. हातात लिहिलेली संहिता नाही. कथानक ठरलेलं, संवाद जागेवर रचायचे, रंगभूषा ज्याची त्याने करायची. बाहेर खाजाची दुकानं आणि पहाटेपर्यंत न हलणारी म्हातारी माणसं. जत्रा आज कुठे, हे कुठलंच ॲप सांगत नाही. चहावाला सांगतो. म्हणून चहावाला असलेल्या गावात राहायचं.

जत्रा नसली तरी गाव असतंच. वेंगुर्ल्याच्या बंदरावर संध्याकाळी फिरा. सतराव्या शतकातल्या डच वखारीचे अवशेष इथे आहेत. इथल्या फळ संशोधन केंद्रातून 'वेंगुर्ला-4', 'वेंगुर्ला-7' अशा काजूच्या जाती बाहेर पडल्या. जवळच्या शिरोड्यात 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला आणि त्याच गावात वि. स. खांडेकर 1920 पासून 1938 पर्यंत शाळामास्तर होते. मालवणात थांबलात तर बंदरावरचा मासळीचा लिलाव बघा, आवाज चढतो तो ऐका आणि तोच मासा रात्री ताटात मागा.

दोन आक्षेप येतात. पहिला: तारकर्ली-देवबागच्या लोकांच्या पोटावर पाय का देतोस? बरोबर आहे, तिथल्या कितीतरी खोल्या स्थानिकांच्याच आहेत. म्हणून तिथे जा, पण दोन-तीन रात्री राहा, आणि गर्दीचा आठवडा सोडून. घाईचा एक मुक्काम गावाला एक रात्रीचं भाडं आणि पिशवीभर प्लास्टिक देऊन जातो. दुसरा: मावशीच्या खोल्या आहेत म्हणून वेंगुर्ल्याची जाहिरात करतोस. करतो. पण वेंगुर्ला नको असेल तर मालवण शहरात थांबा, देवगडात थांबा. तिथे बाजार आहे, कचरागाडी आहे, रात्री डॉक्टर सापडतो. ही सोय पाहुण्यांसाठी उभारलेली नाही, गावाची स्वतःची आहे. म्हणूनच ती वर्षभर टिकते.

रात्र कुठे काढली याला किंमत असते, हे जगाला उशिरा कळतंय. व्हेनिसने 2024 च्या एप्रिलपासून ठरावीक दिवशी नुसतं दिवसभर फिरायला येणाऱ्यांकडून पाच युरो घ्यायला सुरुवात केली. शहरात मुक्कामाला असलेल्यांना ते माफ. हिशेब सरळ आहे. जो रात्री थांबतो तो पाहुणा, बाकीचे नुसते बघे. आपल्याकडची गंमत अशी, की आपण रात्र काढूनही बघेच राहतो.

तेव्हा यंदा कुणी बीच टच रूम विचारली, की मी उलट तीन प्रश्न पाठवतो. रात्री आठनंतर तिथे चालत जाऊन चहा मिळेल का? खोलीचा मालक त्याच गावात झोपतो का? आणि जून-जुलैत, समुद्र बंद असताना, ती जागा जिवंत असते का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तिथे बिनधास्त राहा. समुद्र दहा मिनिटांवर असेल. चालत जा.