क्लबात जायचंय? वाटाड्या घ्या, पण पारखून

नोकरीसाठी मुंबईत नव्याने आलेल्या मंडळींनो, एकदा क्लबात जाऊन मनसोक्त नाचावंसं वाटण्यात लाजण्यासारखं काही नाही. पंचाईत होते ती दारात. बाउन्सर बुटांपासून वर बघत जातो, पायात चप्पल दिसली की बाजूला उभं करतो. चार मुलगेच असलात तर ‘स्टॅग एंट्री नाही’ म्हणून पुढच्याला आत घेतो. म्हणून पहिल्या खेपेला गेस्ट लिस्टवर नाव घालणारा, सोबत दोन-तीन ठिकाणं दाखवणारा कुणी मिळाला तर जरूर घ्या. त्याला प्रमोटर म्हणा नाहीतर पब क्रॉलवाला; काम वाटाड्याचंच.

फक्त त्याचं पोट कशावर चालतं, ते आधी विचारा. ठरलेली फी घेतो तो तुमचा माणूस. फुकट नेतो त्याला बहुधा क्लब पैसे देतो, कधी माणशी, कधी तुमच्या बिलावर. मग तो टेबल घ्या म्हणून गळ घालणारच. टेबलाला किमान खर्चाची अट असते. नुसतं पाणी प्यालात तरी ती रक्कम मोजावी लागते. धंदा आहे, त्याला नावं ठेवू नका. पण आकडा मेसेजवर लिहून घ्या. कव्हरचे पैसे खाण्यापिण्यात वळते होतात, नुसत्या एंट्रीचे गेले ते गेले. हेही त्याच मेसेजमध्ये विचारा. बिलात सर्व्हिस चार्ज लावला असेल तर काढायला सांगा. तो देणं न देणं तुमच्या मर्जीवर आहे, दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तेच म्हटलंय. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

डेटिंग अॅपवर ओळख झालेली व्यक्ती पहिल्याच भेटीत ‘याच क्लबात जाऊ’ म्हणून हट्ट धरते आणि मेन्यूकार्ड न बघता ऑर्डर देते, तेव्हा सरळ उठा. तो वाटाड्या नव्हे, दलाल. हजारोंची बिलं अशीच गळ्यात पडली आहेत.

वयाचं तर कुणाच्याच हातात नाही. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१, बाकी दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात. तेविशीतल्या पोराला ‘आत मी बघून घेतो’ म्हणणाऱ्याला तिथूनच नमस्कार करा. लिंबू सोड्यावरही रात्रभर नाचता येतं, मी नाचलोय.

आत शिरलात की आधी दुसरं दार कुठे आहे ते दाखवायला लावा. वाटाड्या हसेल, हसू दे. २९ डिसेंबर २०१७ ला लोअर परळच्या कमला मिलमध्ये आग लागून १४ जण गेले, त्यातले बरेचसे स्वच्छतागृहात अडकले होते.

आणि परतीचं आधी ठरवा. चर्चगेटहून बोरिवलीची शेवटची लोकल एकच्या सुमारास सुटते, क्लब बंद होतात दीडला. लोअर परळला रिक्षा येत नाहीत, हे नवख्याला नेमकं तेव्हाच कळतं. टॅक्सी सव्वालाच बोलवा.