स्वतःचे विमान, परक्याचे विमान

ज्याच्या मालकीचे विमान तो कुबेराचा सोयरा, अशी आपल्या मध्यमवर्गीयांची एक पक्की समजूत आहे. मीही ती पुष्कळ वर्षे बाळगली होती. विमान म्हणजे शेकडो माणसे पोटात घेऊन धावणारे धूड. ते कोणी एकटादुकटा विकत घेतो, हे आमच्या चाळीच्या हिशेबात बसणारे नव्हते. पण वाचकहो, विमानांच्या जातीतही सायकली असतात. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने बांधलेले आणि १९५८ साली प्रथम उडालेले ‘पुष्पक’ हे त्यातलेच. दोन माणसे खांद्याला खांदा लावून बसतील एवढी जागा, नव्वद अश्वशक्तीचे इंजिन, आणि पंखांवर चक्क कापड! देशातल्या फ्लाइंग क्लबांतून कित्येक वैमानिक या कापडी पंखांखाली तयार झाले. सत्तरच्या दशकात बँकेची नोकरी सांभाळून मीही पहाटे पहाटे त्यात जाऊन बसत असे. परवाना मिळाला, तो टिकवायला लागणारा पैसा मात्र काही मिळाला नाही, आणि संसारी माणसाचे उडणे जिथे थांबायचे तिथेच थांबले.

माझ्या पुतण्याचे तसे झाले नाही. तो अमेरिकेत असतो. तिथे त्याने आणि तिघा सोबत्यांनी वर्गणी काढून एक जुने सेसना १७२ घेतले. चार आसनांचे हे विमान १९५६ पासून निघते आहे आणि जगात याच्याइतक्या संख्येने दुसरे कोणतेही विमान बनलेले नाही. म्हणजे विमानांतले हे आपले बजाजचे स्कूटरच म्हणा ना! शनिवार कोणाचा, रविवार कोणाचा, याचे वेळापत्रक ठरलेले. एका वाड्यात चार बिऱ्हाडे नांदावीत तसा हा कारभार. शेवटचे पेट्रोल कोणी भरले नाही, आसनाखाली खाऊचे कागद कोणी टाकले, इथपर्यंत सर्व तक्रारी वाड्यातल्याच.

पुतण्या म्हणतो, “काका, विमान घेणे सोपे, पाळणे कठीण.” ते उडो न उडो, हँगरचे भाडे आणि विम्याचा हप्ता काही थांबत नाही. दर बारा महिन्यांनी अधिकृत तंत्रज्ञाकडून सबंध विमान उघडून तपासून घ्यायचे. त्याची सही झाल्यावाचून उडायचे नाही. इंजिन सुमारे दोन हजार तास चालले की ते उतरवून पुरते नव्याने बांधावे, अशी कारखान्याची शिफारस. म्हणून ही चौकडी प्रत्येक तासाच्या उड्डाणामागे काही रक्कम वेगळ्या खात्यात टाकते. उड्डाणाआधी टाकीच्या तळातून थोडे पेट्रोल काढून काचेच्या नळीत उजेडाला धरायचे. त्याचा रंग फिकट निळा असतो. खाली पाण्याचा थेंब दिसला तर तो निथळून जाईपर्यंत पुन्हा पुन्हा काढायचे. मला हा सोपस्कार फार आवडतो. मोटारवाल्यांनी कधी एवढी पूजा केली आहे का?

हे झाले स्वतःच्या विमानाचे. परक्याच्या विमानाची गोष्ट निराळी. लहान विमान एका खंडातून दुसऱ्या खंडात विकले गेले, तर ते पोचवायचे कसे? पंख सोडवून, पेटीत बांधून जहाजाने पाठवता येते. पण ते सोडवणे, बांधणे आणि पुन्हा जोडणे फार खर्चाचे. म्हणून ते उडवतच नेतात, आणि हा धंदा करणारे वैमानिकही असतात. मागची आसने काढून तिथे पेट्रोलच्या जादा टाक्या बसवतात. खास परवानगी काढून विमान नेहमीच्या मर्यादेहून जड भरतात. अंगात रबरी पोशाख, शेजारी गुंडाळलेली रबरी होडी, आणि पुढे एकच इंजिन. अटलांटिकचा रूढ मार्ग कॅनडातून ग्रीनलंड, आइसलंड आणि मग स्कॉटलंड असा. ग्रीनलंडच्या दक्षिणेला १९४१ साली अमेरिकनांनी बांधलेली नारसारसुआकची धावपट्टी कैक दशके या वाटेवरची धर्मशाळा होती. समुद्राच्या चिंचोळ्या खाडीतून, दोन्हीकडे डोंगर, असे आत शिरायचे. खाडी चुकली तर समोर नुसता कडा. ढगात शिरावे तर पंखांवर बर्फ धरते, आणि लहान विमानाला त्या ढगांच्या वर जाण्याचा दम नसतो.

हे सगळे मी आज उगाळतो आहे याला कारण आहे. चौकडीने आपले विमान विकायला काढले आणि गिऱ्हाईक मिळाले ते युरोपात. पुतण्याने जाहीर केले, “मीच नेऊन पोचवतो.” त्याच दिवशी पुण्याहून वहिनींचा फोन. “भाऊजी, तुम्ही त्यातले जाणता. त्याला चार शब्द तुम्हीच सांगा.”

चार शब्द काय सांगणार? मी त्याला एक गोष्ट सांगितली. २२ डिसेंबर १९७८ची. जे प्रॉक्नॉव हा अमेरिकन आरमारात वैमानिक राहिलेला माणूस. पिकांवर औषध फवारण्याचे एक आसनी सेसना १८८ त्याला कॅलिफोर्नियाहून ऑस्ट्रेलियाला पोचवायचे होते. जोडीला दुसरे तसलेच विमान होते. ते पागो पागोहून उडताच समुद्रात पडले. वैमानिक सुदैवाने बचावला. प्रॉक्नॉव दुसऱ्या दिवशी एकटाच निघाला. पुढचा मुक्काम नॉरफोक बेट, सुमारे २,७०० किलोमीटरवर. बेट केवढे, तर मुंबई शहराच्या साधारण निम्मे. चोहोकडे पॅसिफिक! दिशा दाखवणारे बिनतारी यंत्र बिघडले होते, पण काटा हलत होता, म्हणून ते त्याला उशिरा कळले. वेळ झाली तरी बेट दिसेना.

त्या सुमारास एअर न्यूझीलंडचे डीसी-१० विमान फिजीहून ऑकलंडला चालले होते. कप्तान गॉर्डन व्हेट हा नाविकशास्त्राचाही परवानाधारक. निरोप येताच त्याने प्रवाशांना सर्व सांगितले आणि विमान शोधाकडे वळवले. पण शोधायचे कुठे? व्हेटने प्रॉक्नॉवला सांगितले, हात लांब कर, बोटे आडवी धर, आणि क्षितिजापासून सूर्यापर्यंत किती बोटे भरतात ते मोज. स्वतःही मोजले. लांब केलेल्या हाताचे एक बोट म्हणजे साधारण दोन अंश. आणि सूर्याच्या उंचीत एका अंशाचा फरक म्हणजे पृथ्वीवर १११ किलोमीटर. सूर्य पश्चिमेला कलला होता. प्रॉक्नॉवच्या हाताला जास्त बोटे भरली, म्हणजे तो पश्चिमेला, सूर्याच्या अधिक जवळ! मग जवळच्या पल्ल्याच्या रेडिओवर त्याचा आवाज कुठे उमटतो नि कुठे बुडतो, यावरून व्हेटने वर्तुळ आखले. त्याचा सूर्य किती वाजता मावळला आणि नॉरफोकला किती वाजता मावळतो, हेही ताडून पाहिले. अंधारात शेवटी प्रॉक्नॉवला दिवे दिसले. ओढून नेला जात असलेला तेलविहिरीचा मनोरा होता तो. त्याचा ठावठिकाणा माहीत असल्याने बेटाची दिशा मिळाली. तो उतरला तेव्हा त्याला हवेत तेवीस तास झाले होते.

फोनवर पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “काका, आता उपग्रहावरून जागा कळते.” खरे आहे. मुंबईच्या आरोही पंडितने २०१९च्या मे महिन्यात एका चिमुकल्या विमानातून स्कॉटलंड ते कॅनडा असा अटलांटिक एकटीने ओलांडला, तो याच बर्फाच्या वाटेने. तसल्या हलक्या विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडणारी ती पहिली स्त्री. तिचे उदाहरण त्याने माझ्या तोंडावर फेकले. मी म्हटले, तिच्या तयारीकडेही बघ. उपग्रह जागा सांगतो. पंखावरचे बर्फ खरवडत नाही आणि दुसरे इंजिन बसवून देत नाही.

अखेर तडजोड झाली. पोचवण्याचे काम त्या धंद्यात मुरलेल्या वैमानिकाला दिले आहे. विमान त्याच्या हाती, आणि पुतण्या शेजारच्या आसनावर उमेदवार म्हणून बसणार. निघण्याचा दिवस हवामान ठरवील, तो ठरवणार नाही, हे त्याने आईला लेखी कळवले आहे.

वहिनींचा काल पुन्हा फोन आला. मला वाटले, रडतील. त्यांनी विचारले, “भाऊजी, मागची आसने काढली तर चिवड्याचा डबा ठेवायचा कुठे?”