तापमानाची वही कोणाच्या घरी?

घरात सेन्सर लावलाय, आता नोंदी आणि आलेखासाठी कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, असं कुणी विचारलं की सल्ला देणारे आधी आलेखांची चित्रं दाखवतात. काळा पडदा, नारंगी-हिरव्या रेषा, गोल काटे... छान दिसतं, कोण नाही म्हणतंय? पण पिशवी बघून साडी घ्यायची का? आकडे कुठे राहणार आणि किती वर्षं राहणार, ते आधी विचारा की!

"आकडे आमच्याकडे पाठवा, आम्ही सांभाळतो" म्हणणाऱ्यांचं काय होतं ते पाहून झालंय. हौशी मंडळी जिला सेन्सर जोडायची ती पॅचबे ही सेवा २०११ मध्ये लॉगमीइनने घेतली. २०१२ मध्ये तिचं नाव कॉझ्म झालं, २०१३ मध्ये झायव्हली, आणि २०१८ मध्ये ती गूगलकडे गेली. गूगलने आपलं आयओटी कोअरच ऑगस्ट २०२३ मध्ये बंद केलं. इतकी बिऱ्हाडं तर भाडेकरूही बदलत नाहीत!

आता घरच्या घरी चालणारं. जुने जाणते आरआरडीटूल सुचवतात. टोबियास ओएटिकर यांचं हे १९९९ चं काम, आणि त्या काळी हुशारीचंच. फाइल कधी वाढत नाही, कारण जुन्या आकड्यांची सरासरी ठेवून मूळ आकडे पुसले जातात. (कमाल-किमानही ठेवता येतं, पण ते आधीच सांगावं लागतं.) होम असिस्टंटही, आपण काही बदललं नाही तर, सविस्तर नोंदी दहाच दिवस ठेवतं, पुढे उरतो तासातासाचा गोषवारा.

"सरासरी पुरे की!" नाही पुरत. आमच्या नागपुरात मे महिन्यात स्लॅबखालच्या खोलीची दिवसाची सरासरी ३५ आली, तर काय समजायचं? दुपारी ४० आणि पहाटे ३०, की चोवीस तास ३५? आकडा एकच, पण दुसऱ्या खोलीत झोपणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला रात्रभर उसंत नाही. गच्चीला पांढरा रंग लावून रात्र किती उतरली हे बघायचं, तर गेल्या मे मधले रात्री अकराचे आकडे हवेत. जसेच्या तसे.

त्यातून डीएस१८बी२० हा सगळ्यांचा लाडका स्वस्त सेन्सर. वीज जाऊन आली आणि मोजमाप होण्याआधीच वाचलं, तर तो ८५ अंश सांगतो. तासाच्या बारा नोंदींत अकरा ३० च्या आणि एक ही... सरासरी ३४.६! कमाल तर विचारूच नका. मूळ नोंद असेल तर ती एक ओळ खोडता येते. सरासरीत मुरल्यावर काय खोडणार?

माझं मत साध्या मजकूर फाइलला. तारीख, वेळ, खोली, अंश. दर महिन्याला नवी फाइल. दर पाच मिनिटांनी नोंद म्हणजे एका सेन्सरच्या वर्षाला १,०५,१२० ओळी. ओळीला तीस अक्षरं धरली तरी तीन एमबीच्या आसपास, म्हणजे मोबाइलवरचा एखादा फोटो! जागा वाचवायला आकडे पुसायचे दिवस कधीच गेले. खोल्या जास्त असतील तर एसक्यूलाइट घ्या. तीही एकच फाइल, आणि २०५० पर्यंत ती सांभाळायचा तिच्या कर्त्यांचा इरादा आहे.

मग वरून ग्राफाना लावा (त्याला एसक्यूलाइटचं प्लगिन जोडावं लागतं), ग्नूप्लॉट लावा, नाहीतर सरळ एक्सेल. रेषा नारंगी हवी की हिरवी, ते घरच्यांना विचारा.