खिशातला चाकू : मिटता की सरळ?

गणपतीत धाकटी बहीण घरी आली ती कपाळाला आठी घालूनच. मोदकांचे ताट पुढे केले तरी आठी हलेना. शेवटी म्हणाली, "दादा, तुझ्या भाचीला आता तूच समजाव. भाऊबीजेला मामाकडून काय हवंय म्हणून विचारलं, तर म्हणते चाकू! साडी नको, कानातलं नको. चाकू!"

भाची शेजारीच बसली होती. वय चोवीस, बँकेत नोकरी, आणि शनिवार-रविवारी सह्याद्रीतला एखादा किल्ला गाठायचा, हे व्यसन. ती शांतपणे म्हणाली, "मामा, चाकू लागतोच. रोज डब्यातलं फळ कापायला, पार्सल फोडायला, डोंगरावर दोरी कापायला. तू फक्त एवढंच सांग, सरळ पात्याचा घेऊ की मिटणारा? दुकानदार एक सांगतो, बरोबरची मुलं दुसरंच सांगतात."

प्रश्न अगदी योग्य माणसाकडे आला होता. कारण त्याचे उत्तर माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीवर लिहिलेले आहे. पण ते पुढे सांगतो.

वाचकहो, हा प्रश्न वाटतो तितका आपल्याला परका नाही. आपल्या स्वयंपाकघरात तो फार दिवसांपासून आहे. पाटाला पाते कायमचे ठोकलेली विळी आणि पाते पाटावर आडवे मिटणारी विळी, या दोन्ही आपण पाहिलेल्या आहेत. न मिटणाऱ्या विळीवर नारळ खवायला बसले की ती डगमगत नाही, पण काम संपताच घरातली वडील बाई ओरडणार, "अगं, विळी आधी आडवी कर!" कारण घरात रांगते मूल असते. मिटणाऱ्या विळीला हे सांगावे लागत नाही, मात्र खिळा सैल झाला की ती भोपळ्यापुढे हात टेकते. सगळा वाद एवढ्यातच आला. खिशातल्या चाकूचीही कथा हीच.

माझ्या लहानपणी आमच्या घरात मिटतो तो चाकू आणि मिटत नाही ती सुरी, असा साधा भेद होता. सुरी हा शब्द संस्कृतातल्या क्षुरिकेपासून आलेला, चाकू फारशीतून. आजोबांच्या बंडीच्या खिशात एक चाकू असे. त्याने ते बोरू तासत, सुपारी खरवडत आणि आम्हां मुलांना पेरूच्या फोडी करून देत. लेखणी तासायच्या चाकूला फारशीत कलमतराश असे नाव आहे, आणि इंग्रजीतला 'पेननाइफ' हाही मुळात पिसाची लेखणी तासणाराच. म्हणजे खिशातल्या चाकूचे जुने नाते मारामारीशी नसून लिखापढीशी आहे, हे आमच्या बहिणीला ऐकवण्यासारखे होते. ऐकवलेही. आठी थोडी सैल झाली.

मिटणारा चाकू ही काही कालपरवाची युक्ती नव्हे. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात रोमन काळातले, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातले, चांदीचे एक साधन आहे. त्यात चमचा, काटा, टोचणी आणि लोखंडी पाते, सारे घडी होऊन एका मुठीत बसते. प्रवासाला निघालेल्या माणसाची गरज तेव्हाही तीच होती. पुढे स्वित्झर्लंडच्या सैन्याला असा चाकू हवा झाला की ज्याने शिपाई डबाबंद अन्नाचा डबा उघडील आणि आपल्या नव्या रायफलीचे स्क्रूही सोडवील. कार्ल एल्सेनर या कारागिराने १८९१ साली तो सैन्याला पुरवायला सुरुवात केली आणि १८९७ मध्ये त्याची हलकी, अधिक पात्यांची आवृत्ती काढली. आज जगभर ओळखला जातो तो लाल मुठीचा चाकू या घराण्यातला. आपल्याकडे मिटत्या चाकूचे गाव म्हणजे उत्तर प्रदेशातले रामपूर. हिंदी चित्रपटांतल्या खलनायकांनी रामपुरीची इतकी बदनामी केली की त्यामागचे लोहाराचे कसब कोणाच्या लक्षातच राहिले नाही. २०२३ साली त्या गावाने चौकात सुमारे वीस फुटी चाकूच उभारला, तेव्हा कुठे त्या कसबाला थोडा मान मिळाला.

सरळ पात्याचा कुलवंत पाहायचा तर फिनलंडला जावे. तिथला 'पुक्को' हा कमरेच्या म्यानात राहणारा, तळहाताच्या रुंदीएवढ्या पात्याचा लहानसा चाकू. लाकूड तासणे, मासा साफ करणे, भाकरीला लोणी लावणे, सगळी कामे त्याची. त्याला सांधा नाही, स्प्रिंग नाही, बिघडण्यासारखे काहीच नाही.

आता माझ्या तर्जनीकडे येतो.

१९७८ सालची गोष्ट. पुण्याच्या गाडीत बसलो होतो. समोरच्या बाकावर एक आजी नातवाला घेऊन बसल्या होत्या. पोराला तहान लागली होती आणि पाण्याची बाटली रिकामी. माझ्या पिशवीत देवळातला प्रसादाचा नारळ होता आणि खिशात एक छानसा मिटता चाकू. नारळाच्या डोळ्यात चाकूचे टोक खुपसून भोक पाडावे आणि पोराला पाणी द्यावे, असा परोपकारी विचार माझ्या मनात आला. टोक टेकवले, जोर दिला. टोक आत गेले नाही. पाते मात्र उलटे फिरले आणि मुठीवर वेटोळे घालून बसलेल्या माझ्या बोटांवर खटकन मिटले. तर्जनी आतून कापली. कातडी शिवली, बोट वाचले. पण बोट वाकवणारी कंडरा तुटली होती. ती जोडूनही टोकाचे पेर वाकायचे राहिले, ते राहिलेच. आजही चहाच्या कपाचा कान धरताना ते बोट एखाद्या शाळामास्तरासारखे ताठ उभे असते.

चूक चाकूची नव्हती. तो साध्या स्प्रिंगचा चाकू होता. अशा चाकूत पाठीला एक लवचिक पट्टी असते, आणि तिच्या दाबानेच पाते उघडे राहते. धारेने कापत असताना दाब पाते आणखी उघडण्याच्या दिशेने पडतो, म्हणून पेरू, दोरा, पाकीट कापताना काही भीती नसते. पण टोकाने भोसकले किंवा पात्याच्या पाठीवर दाब आला की तेच पाते मिटू पाहते, आणि त्याच्या वाटेत आपली बोटे असतात. मिटत्या चाकूचा सांधा ही त्याची सोय, आणि तोच त्याचा दुबळा भाग. हे मला कोणी आधी सांगितले नव्हते. म्हणून भाचीला सांगितले, आणि आपल्यालाही सांगतो आहे.

यावर उपाय निघालेला आहे तो अडकणीचा. पाते उघडले की जागच्या जागी अडकते आणि मुद्दाम सोडवल्याशिवाय मिटत नाही. कोणात पाठीची पट्टीच खाचेत बसते, कोणात मुठीच्या आतली पातळ पट्टी सरकून पात्याच्या मुळाला टेकते. मला सर्वांत आवडते ती फ्रान्समधल्या साव्हॉय प्रांतातल्या ओपिनेल चाकूची तऱ्हा. १८९० पासून शेतकऱ्यांच्या खिशात असलेल्या या लाकडी मुठीच्या चाकूला १९५५ साली मुठीच्या तोंडाशी एक फिरते कडे बसवले. कडे फिरवले की पाते उघडे राहते. आणि २००० सालापासून तेच कडे पाते मिटलेलेही धरून ठेवते. हा दुसरा गुण लहान समजू नये. खिशात आपोआप उघडणारा चाकू हा हातात आपोआप मिटणाऱ्यापेक्षा काही कमी नाही.

भाची म्हणाली, "मग सरळच का घेऊ नये? सांधाच नाही म्हणजे भीतीच नाही."

अर्धे खरे. सरळ चाकूचे पाते मुठीच्या शेवटपर्यंत गेलेले असले तर त्याच्याइतका विश्वासू नोकर नाही. धुवायला सोपा, मिटत्या चाकूच्या सांध्यात आंब्याचा रस आणि मुंग्या दोन्ही जातात. पण सरळ चाकूचा निम्मा जीव त्याच्या म्यानात असतो. म्यान सैल तर चाकू पिशवीत मोकळा फिरणार, आणि रुमाल काढायला आत घातलेला हात तो पाहणार. चामड्याचे म्यान देखणे, पण आपल्या पावसाळ्यात ते ओल धरते आणि पाते आतल्या आत गंजते. आपल्या हवेला प्लास्टिकचे बरे. शिवाय गर्दीच्या लोकलमध्ये कमरेला म्यान लावून फिरणाऱ्या मुलीकडे लोक कसे पाहतील, हेही आहेच.

नुसते लोकच नव्हेत, कायदाही पाहतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारे शस्त्रांत मोडतात. घरकाम, शेती, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी बनवलेली त्यांतून वगळली आहेत. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने बटनाच्या आणि स्प्रिंगच्या चाकूंना याहून पुष्कळ कडक माप लावले. महाराष्ट्रात पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली मनाई हुकूम निघाला, तर त्या काळात सार्वजनिक जागी चाकू बाळगण्यालाच बंदी घालता येते. विमानात तर चाकू हातातल्या सामानात चालत नाही. तो मोठ्या बॅगेत घालून द्यावा लागतो. आणि गंमत पाहा, इंग्लंडात १९८८ च्या कायद्याप्रमाणे ३ इंचांपर्यंत पात्याचा मिटता चाकू कारण न देता खिशात ठेवता येतो. पण त्याला अडकण असली की न्यायालये तो सरळ चाकूसारखाच धरतात. म्हणजे बोटाला सुरक्षित तो कायद्याला संशयित! परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांनी एवढे ध्यानात ठेवावे.

इथे बहिणीने मनातले बोलून टाकले. "दादा, खरं सांगू? ती रात्री उशिरा घरी येते. म्हणून मलाही कधी कधी वाटतं, पर्समध्ये असलेला बरा."

म्हणजे आठीचे कारण चाकू नव्हताच. मी तिला म्हटले, "त्या कामासाठी असेल तर मी दोन्ही देणार नाही." घाबरलेल्या माणसाच्या हातातला चाकू हिसकावून घ्यायला बलदंड माणसाला वेळ लागत नाही, आणि मग तो चाकू त्याचा होतो. मिटता चाकू तर उघडायलाच दोन हात आणि थंड डोके लागते. उशीर होणार असेल तर तिने फोन करावा, आपल्यापैकी कोणी तरी स्टेशनावर जावे. भीतीवरचा उपाय माणसे आहेत. चाकू फळासाठी घ्यावा, दोरीसाठी घ्यावा.

बहीण काही बोलली नाही. पण त्या आठवड्यापासून मेहुणे रात्री स्टेशनावर जाऊ लागले, असे कळले.

मग आम्ही बाजारात गेलो. मला विचाराल तर चाकू कामात असतो दिवसातून पाच मिनिटे. उरलेला सगळा वेळ तो कुठे आणि कसा झोपतो, यावर निवड करावी. रोज खिशात वा पर्समध्ये झोपणार असेल, तर मिटता, अडकणीचा, तीन इंचांच्या आतबाहेर पात्याचा. डोंगरावरच्या पाठपिशवीत झोपणार असेल आणि लाकूड, नारळ, जाड दोर यांच्याशी गाठ पडणार असेल, तर चार इंचांचा सरळ, घट्ट म्यानाचा. स्वयंपाकघराबाहेर कधी जाणारच नसेल, तर आपली सुरी आणि विळी आहेतच.

दुकानात दोन परीक्षा कराव्यात. मिटता चाकू उघडून, बोटे पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून, पात्याची पाठ लाकडी फळीवर हलकेच दाबावी. अडकण सुटली तर चाकू तिथेच ठेवून यावे. पाते आडवे डुगडुगत असेल तरीही तेच. सरळ चाकू म्यानासकट उलटा धरून, खाली कोणाचा पाय नाही असे पाहून, हलवावा. बाहेर आला तर म्यान वाईट. घरी आल्यावर फळ कापले की पाते धुऊन, पुसून, उघडेच वाळू द्यावे, आणि महिन्यातून एकदा सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडावा. खोबरेल नको, ते कालांतराने चिकट होते. आणि बोथट चाकू सुरक्षित, हा समज काढून टाकावा. बोथट चाकूला जोर जास्त लावावा लागतो, आणि जोर लावला की हात घसरतो.

भाचीने कड्याचा मिटता चाकू पसंत केला. बहिणीची शेवटची हरकत उरली होती: धारेची वस्तू भेट दिली की नाते तुटते. तिला सांगितले, हा समज युरोपातही आहे आणि तोडही तिथेच आहे. घेणाऱ्याने देणाऱ्याला एक नाणे द्यायचे, म्हणजे ती भेट न राहता खरेदी होते.

भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर भाचीने तबकात रुपया टाकला. "मामा, घे तुझे पैसे." मी तो उचलू लागलो, तर्जनी नेहमीप्रमाणे वाकली नाही आणि नाणे दोनदा निसटले. भाची बघत होती. काही न बोलता तिने चाकू उघडला, कडे फिरवले, पाठीकडून पाते दाबून पाहिले. हलले नाही.

मग तिने तो मिटला, कडे पुन्हा फिरवले, आणि खिशात टाकला.