ग्रहण, गर्भ आणि पट्टेरी मासा

गेल्या श्रावणांत आम्हीं बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाईस एका स्नेह्यांच्या घरीं चार दिवस मुक्काम केला. दासोपंतांनीं ज्या गांवीं लांबलचक पासोडीवर पंचीकरण लिहून काढलें, त्या गांवीं शरीर कसें घडतें हा प्रश्न कांहीं नवा नाहीं. परंतु त्या घरांत तो निराळ्याच रीतीनें निघाला. घरांतील नातवाचा डावा कान जन्मतःच अपुरा आहे. मूल हुशार व खेळकर आहे. पण २५ ऑक्टोबर २०२२ रोजीं, ऐन दिवाळींत, सूर्यग्रहण झालें. त्या वेळीं त्याच्या आईनें भाजी चिरली म्हणून कान असा झाला, असें घरांत ठरून गेलें आहे. तिला कोणी टाकून बोलत नाहीं, हें आम्हीं पाहिलें. पण पाहुण्यांनीं मुलाला जवळ घेतलें कीं ती उठून आंत जाते, हेंही पाहिलें.

त्याच घरांत तिच्या धाकट्या दिरानें कांचेच्या भांड्यांत निळसर पट्ट्यांचे चिमुकले मासे पाळले आहेत. सोवळ्याच्या घरांत हें आजीबाईंना पसंत नाहीं, तें असो. बोलावयास निमित्त मिळालें तें या माशांमुळेंच.

फ्रान्सिस हॅमिल्टन यांनीं १८२२ सालीं गंगेंतील माशांवरील आपल्या ग्रंथांत या माशाचें वर्णन केलें. म्हणजे मासा आपल्याच देशाचा. त्याला प्रयोगशाळेंत मानाचें स्थान दिलें तें अमेरिकेंतील ओरेगॉन विद्यापीठाच्या जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनीं. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था व पुण्याची आघारकर संशोधन संस्था येथेंही त्यावर काम चालतें. त्याचें अंडें आईच्या पोटांत नव्हे तर पाण्यांत वाढतें, आणि गर्भ कांचेसारखा पारदर्शक असतो. सुमारें पाऊण तासांत एका पेशीच्या दोन होतात. चोवीस तासांत हृदय हलूं लागतें. तिसऱ्या दिवसापर्यंत पिल्लूं बाहेर. कांहीं न कापतां हें सारें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतां येतें.

आम्हांस सर्वांत नवल वाटतें तें मेंदूच्या मागील भागाचें. श्वास, गिळणें, हृदयाची गति, चेहऱ्याच्या हालचाली यांचीं सूत्रें येथून हलतात. गर्भांत हा भाग आधीं उसाप्रमाणें पेरापेरांनीं घडतो; अशीं सात पेरें स्पष्ट दिसतात. ज्या जिल्ह्यांतून दरसाल हजारों कुटुंबें ऊसतोडीस बाहेर पडतात, तेथें पेर म्हणजे काय हें सांगावयास नको. प्रत्येक पेरांतून ठराविक मज्जातंतु निघतात. कांहीं पेरांच्या कडेच्या पेशी खालीं उतरून जबड्याचें व कानाचें साहित्य बनतात.

कोणत्या पेरानें काय व्हावें, हें ठरतें कसें? अंड्यांत आईनें सांठविलेल्या अ जीवनसत्त्वापासून धडाकडील पेशी रेटिनॉइक आम्ल नांवाचें द्रव्य करतात. तें पुढें झिरपत जातें, आणि डोक्याकडील पेशी तें नष्ट करीत असतात. त्यामुळें मागें पुष्कळ व पुढें जवळजवळ नाहीं, असा उतार तयार होतो. पेशी आपल्या वांट्याचें प्रमाण ओळखून त्याजोगीं हॉक्स नांवाचीं जनुकें जागीं करतात. हें आम्ल बनविणारें जनुकच बिघडलेला एक वाण २००१ सालीं वर्णिला गेला. त्याचीं मागचीं पेरें आखूड आणि छातीचे पर नाहींत. बिचाऱ्याला नांवही ‘बिनमानेचा’ अशा अर्थाचें मिळालें! चौथें पेर लवकर सिद्ध होऊन शेजाऱ्यांस स्वतः संकेत पाठवितें, हें २००२ मध्यें कळलें. तरीही सीमेवर पेशींची सरमिसळ होतेच. तेव्हां चुकीच्या पंगतींत बसलेली पेशी एक तर उठून आपल्या पंगतींत जाते, नाहीं तर त्या पंगतीचीच होऊन राहते.

माणसाच्या गर्भांतही हीच जनुकें व अशींच पेरें आहेत. घड्याळ तेवढें संथ. पेरें चौथ्या आठवड्यांत दिसूं लागतात, कानाच्या पाळीची मांडणी पांचव्या-सहाव्या आठवड्यांत सुरू होते. सातवा महिना लागतो तेव्हां कान केव्हांच झालेला असतो.

भ्यावयाचेंच असेल तर भिण्याजोगी वस्तु निराळी आहे. मुरुमांवरचें आयसोट्रेटिनॉइन हें औषध अमेरिकेंत १९८२ मध्यें बाजारांत आलें. तें वरील आम्लाचेंच भावंड. गरोदरपणाच्या आरंभीं तें पोटांत गेलेल्या कांहीं मातांचीं बाळें अपुरे कान, तसेच हृदयाचे व मेंदूचे दोष घेऊन जन्मलीं. आमच्या वाचकभगिनींनीं हें औषध डॉक्टरांच्या देखरेखीवांचून घेऊं नये. दिवस राहण्याचा संभव असतां मुळींच नाहीं, आणि बंद केल्यावरही निदान एक महिना थांबावें. गाजर व पालेभाज्या यांना मात्र भिण्याचें कारण नाहीं. त्यांतून शरीर आपल्या गरजेपुरतेंच जीवनसत्त्व बनवितें.

या सुनेनें असलें कोणतेंही औषध घेतलें नव्हतें. तिच्या मुलाच्या बाबतींत काय चुकलें, हें डॉक्टरांनाही सांगतां आलें नाहीं आणि आम्हांलाही येणार नाहीं, असें आम्हीं तेथें स्पष्ट सांगितलें. तारखा मात्र हातीं होत्या. मूल पौषांत जन्मलें. आजीबाईंनीं बोटांच्या पेरांवर महिने मोजले. दिवाळीपासून मागें मागें जात त्या वैशाखावर थांबल्या.

“वैशाखांत तर तिनें आम्हांस सांगितलेंही नव्हतें,” त्या म्हणाल्या, आणि पुन्हां पहिल्यापासून मोजूं लागल्या.