परिचारिकांना गुलाबाचे फूल नको, हक्काची नोकरी हवी!

दरवर्षी १२ मे आला की फ्लोरेन्स नाईटिंगेलच्या तसबिरीला हार पडतो. ‘सेवा हाच धर्म’ असे सांगून पाहुणे निघून जातात आणि परिचारिका पुन्हा वॉर्डात जाते. एवढ्या हालअपेष्टांत ती या पेशात का टिकून राहते, हे तिला कोणीच विचारीत नाही.

आमच्या वस्त्यांतील कितीतरी भगिनी या पेशात आहेत. त्यांचे उत्तर आम्हास ठाऊक आहे. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्यांची लेक आज नाडी पाहते, सलाईन लावते. रुग्ण कोणत्याही जातीचा असो, तो तिला ‘सिस्टर’ अशीच हाक मारतो. शिक्षणाने मिळालेला हा मान ती कशी सोडील? शिवाय कायम नोकरीच्या पगारावर घर उभे राहिले, भावंडे शिकली. तिला पेशाचा लळा आहे तो असा. त्याला त्याग म्हणू नका.

सावित्रीमाई फुले १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना १० मार्च रोजी गेल्या. ते बलिदान त्यांनी स्वेच्छेने केले. सेवेचे नाव पुढे करून दुसऱ्याच्या मजुरीवर डल्ला मारण्याचा अधिकार त्यातून कोणाला मिळत नाही.

आज नेमके तेच चालले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने पन्नास खाटांखालील खासगी रुग्णालयातही परिचारिकेला किमान २० हजार रुपये वेतन द्यावे, अशी शिफारस केली. परंतु शिफारस म्हणजे कायदा नव्हे. सरकारी रुग्णालयांत कंत्राटी भरतीचा घाट घातला गेला, तेव्हा २०२२ मध्ये राज्यातील परिचारिकांना संपावर जावे लागले. बाह्यस्रोताने भरती म्हणजे ठेकेदाराची मर्जी. तेथे बिंदुनामावली नाही, आरक्षण नाही, निवृत्तिवेतन नाही. आमच्या मुलींसाठी उघडलेले दार मागच्या बाजूने बंद करण्याचाच हा डाव आहे!

कंत्राटी परिचारिका आखाती देशात गेली की ‘सेवाभाव उरला नाही’ म्हणून बोटे मोडायची, हा निव्वळ ढोंगीपणा आहे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेची बाजू मांडली, ती दया म्हणून नव्हे, हक्क म्हणून. परिचारिका टिकाव्यात असे शासनाला खरोखर वाटत असेल, तर रिक्त पदे आरक्षणासह कायमस्वरूपी भरावीत. आणि आमच्या भगिनींनीही फुलावर समाधान न मानता संघटित व्हावे.